जुलाब, बीपीची गोळी आणि वाढलेलं क्रिएटिनिन: किडनीला रक्त कमी पडतं तेव्हा

प्रश्न: वडील 68 वर्षांचे, वजन 60 किलो. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, गुडघ्यांसाठी अधूनमधून ॲसिक्लोफेनॅक. तीन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, बीपी 90/60 वर आलं. सहा महिन्यांपूर्वी 1.1 असलेलं क्रिएटिनिन आता 2.9 आहे, युरिया 138, पोटॅशियम 5.6. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘किडनीचा रक्तपुरवठा कमी झालाय.’ म्हणजे नेमकं काय झालं? आणि डायलिसिस लागेल का?

उत्तर:

आधी सोनोग्राफीचं कोडं सोडवू. सोनोग्राफीत किडनीचा आकार, आतला पोत आणि लघवी कुठे तुंबली आहे का, एवढं दिसतं. किडनी किती गाळते आहे, हे त्यात दिसत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नॉर्मल सोनोग्राफी ही चांगलीच बातमी आहे: किडन्या आक्रसलेल्या नाहीत, म्हणजे जुना आजार असण्याची शक्यता कमी; आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडलेली नाही, जी शंका या वयाच्या पुरुषात पहिल्यांदा दूर करावी लागते. गाळणी शाबूत आहे, तिच्यापर्यंत पुरेशा दाबाने रक्त पोचत नाही, असंच हे चित्र दिसतं.

दोन्ही किडन्या मिळून वजनाने साधारण 300 ग्रॅम भरतात, शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तरी हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त ढकलतं त्यातलं लिटरभर किंवा थोडं जास्तच या दोघींकडे जातं. एवढं रक्त त्यांच्या स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही, ते गाळण्यासाठी येतं. मिनिटाला सुमारे 125 मिली, म्हणजे दिवसाला 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतला जातो. हे परत ओढून घेण्याचं काम ऊर्जा खाणारं आहे. गंमत अशी, की त्यातला एक मोठा वाटा किडनीच्या आतल्या गाभ्याजवळच्या नलिका उचलतात, आणि त्या भागाला एकूण रक्तापैकी जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. बाहेरच्या सालीत ऑक्सिजनचा दाब 50 मिमीच्या आसपास असतो, गाभ्यात तो 10 ते 20 वर आलेला असतो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यासारखी त्या नलिकांची गत: धरणातून पाणी थोडं कमी सुटलं तरी पहिली झळ त्यांनाच.

म्हणून किडनीने स्वतःची सोय करून ठेवलेली असते. प्रत्येक गाळणीला एक रक्तवाहिनी रक्त आणते आणि दुसरी बाहेर नेते. दोन्ही तोट्यांसारख्या सैल किंवा आवळ होऊ शकतात. बीपी उतरलं, की आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या मदतीने सैल होते आणि नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिनमुळे आवळते. आत जास्त येतं, बाहेर पडायला अडथळा होतो आणि गाळणीतला दाब टिकतो. सरासरी रक्तदाब 80 च्या वर आहे तोवर ही युक्ती चालते. 90/60 चा सरासरी दाब काढा: 90 मध्ये 60 ची दुप्पट मिळवून तिनाने भागा, उत्तर येतं 70. तेवढ्यात किडनीचं भागत नाही. शिवाय ज्याचं बीपी वर्षानुवर्षं 150/90 राहिलं आहे त्याच्या किडनीला वरच्या दाबाची सवय झालेली असते आणि तिची ही युक्ती 80 च्याही आधीच कमी पडू लागते. विशीतल्या सडपातळ मुलीचं 90/60 आणि तुमच्या वडिलांचं 90/60 एका मापाने मोजून चालत नाही.

आता गोळ्या पाहा. ॲसिक्लोफेनॅकने प्रोस्टाग्लँडिन बंद केले, म्हणजे आणणारी तोटी सैल होईना. टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनचं काम अडवलं, म्हणजे नेणारी तोटी आवळेना. हायड्रोक्लोरोथायझाइडने मीठ-पाणी आधीच कमी केलेलं. त्यावर जुलाबांनी आणखी लिटर-दोन लिटर काढून नेलं. यातली एकेक गोष्ट निरोगी किडनी सहज झेलते. तिन्ही औषधं पोटात आणि अंगात पाणी नाही, हे एकत्र जमलं की बचावाची एकही तोटी हातात उरत नाही. औषधांमुळे किडनी बसण्याच्या ज्या जागा ठरलेल्या आहेत, त्यात हे त्रिकूट वरच्या क्रमांकाचं.

हे टेल्मिसार्टनवर ढकलून मोकळं होऊ नका. मधुमेहात किंवा लघवीतून प्रथिन जात असेल तर हीच जातकुळी किडनी राखते. चुकतं ते ‘गोळी चुकवायची नाही’ हा नियम जुलाब-उलट्यांच्या दिवसांतही पाळण्यात. स्ट्रिपवरच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर बहुधा आत लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं. ‘एएम’ असेल तर ॲम्लोडिपिन, ते वेगळं. बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचायची सवय लावा. दुखण्याच्या गोळीचंही तसंच. ‘मी फक्त पॅरासिटामॉल घेतो’ म्हणणाऱ्याच्या खिशातल्या स्ट्रिपवर कित्येकदा पॅरासिटामॉलसोबत ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा नायमेसुलाइड छापलेलं असतं. आणि इंजेक्शन घेतलं तर ‘पोटात जात नाही, म्हणून किडनीला त्रास नाही’ हा समज साफ चुकीचा आहे. कमरेत टोचलेलं डायक्लोफेनॅक रक्तातूनच किडनीपर्यंत जातं. (जनावरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकमुळे, मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या निकामी होऊन ती झपाट्याने संपली. भारतात त्याचा पशुवैद्यकीय वापर 2006 मध्ये बंद झाला.)

रिपोर्टमधून काय वाचायचं?

क्रिएटिनिन आणि युरिया हे दोन्ही किडनीने बाहेर टाकायचे टाकाऊ पदार्थ. रक्तपुरवठा कमी असताना किडनी मीठ-पाणी जिवाच्या आकांताने धरून ठेवते, आणि पाण्याबरोबर युरियाही परत ओढला जातो. म्हणून क्रिएटिनिनपेक्षा युरिया जास्त चढतो. पुस्तकात हे गुणोत्तर ‘20 च्या वर’ असं दिलेलं असतं, पण ते युरियातल्या नायट्रोजनचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब पूर्ण युरिया छापतात, तो नायट्रोजनच्या 2.14 पट असतो. म्हणजे आपल्या रिपोर्टसाठी सीमारेषा 43 च्या आसपास. तुमचं 138 भागिले 2.9 म्हणजे 47 च्या पुढे. मेळ बसतो. मात्र काळी शौच होत असेल, म्हणजे पोटात रक्तस्राव असेल, किंवा स्टेरॉइड चालू असतील तरीही युरिया असाच उसळतो. आणि ज्याचं जेवण तुटलंय किंवा यकृत खराब आहे त्याचा युरिया चढतच नाही. एकट्या गुणोत्तरावर निकाल देऊ नये.

लघवीचा नमुना इथे खूप बोलतो, अट एकच: तो सलाइन आणि लघवीचं इंजेक्शन देण्याआधी घेतलेला हवा. लघवीत सोडियम 20 च्या खाली आणि गाळलेल्या सोडियमपैकी 1 टक्क्याहून कमी बाहेर पडत असेल, तर नलिका जिवंत आहेत आणि काम करताहेत. ते 2 टक्क्यांच्या वर गेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातकट तपकिरी दाणेदार साचे (नलिकांत जमून त्यांच्याच आकाराचे झालेले गोळे) दिसले, तर नलिकांच्या पेशी मरू लागल्या आहेत. वडिलांच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध असल्यामुळे त्यांचं सोडियम फसवं येऊ शकतं. अशा वेळी तेच गणित युरियावर करतात: बाहेर पडणारा युरिया 35 टक्क्यांहून कमी असेल तर कारण रक्तपुरवठ्याचं. साध्या लघवी तपासणीत प्रथिन किंवा लाल पेशी भरपूर निघाल्या, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून खुद्द गाळणीच्या आजाराचा शोध घ्यावा लागतो.

आणखी एक. क्रिएटिनिन चढत असताना त्याखाली छापलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा अंदाज, वाचून घाबरू नका आणि धीरही धरू नका. ते सूत्र क्रिएटिनिन स्थिर असताना लागू पडतं. क्रिएटिनिन मुळातच एक-दोन दिवस मागे चालतं; किडनीचं काम जवळपास पूर्ण थांबलं तरी ते दिवसाला साधारण 1 ते 1.5 नेच वाढतं. आजचा आकडा म्हणजे कालची-परवाची किडनी. आजची किडनी लघवीच्या मापात दिसते: तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिली. सलग सहा तास त्याहून कमी झाली तर ते मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचं लक्षण धरतात, क्रिएटिनिन कितीही असो.

उपचारात क्रम महत्त्वाचा. टेल्मिसार्टन-एच आणि दुखण्याची गोळी त्याच मिनिटाला बंद. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्याही थांबवाव्यात. मग पाणी: तोंडाने टिकत नसेल तर 500 मिली रिंगर लॅक्टेट किंवा सलाइन अर्ध्या तासात, आणि प्रत्येक बाटलीनंतर बीपी, नाडी, लघवी आणि फुप्फुसांच्या तळाशी कुरकुर येते का, हे पाहून पुढची. ‘पोटॅशियम 5.6 आहे, मग रिंगर लॅक्टेट कसं देणार, त्यात पोटॅशियम असतं’ हा आक्षेप वॉर्डात हमखास येतो. त्यात लिटरला फक्त 4 असतं, म्हणजे रुग्णाच्या रक्तापेक्षा कमीच. उलट भरपूर नॉर्मल सलाइनने रक्त आम्लधर्मी होतं आणि पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं.

दोन चुका वारंवार होतात. लघवी होत नाही म्हणून कोरड्या पडलेल्या माणसाला फ्युरोसेमाइड टोचणं: त्याने बाटलीत चार थेंब जास्त दिसतात, किडनीला मिळणारं रक्त आणखी घटतं. ते औषध अंगात पाणी जास्त झाल्यावरचं आहे. दुसरी, ‘किडनीच्या डोस’चं डोपामिन, म्हणजे किडनीचं रक्त वाढावं म्हणून अगदी कमी मात्रेत दिलेलं औषध. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मोठ्या चाचणीने 2000 मध्येच दाखवलं, की त्याने किडनी वाचत नाही.

घरच्या बाजूला येऊ. जुलाब लागले की आपण पहिल्यांदा शहाळं आणतो. जुलाबात मुख्यतः जातं ते सोडियम, आणि शहाळ्यात सोडियम थोडं, पोटॅशियम भरपूर: दर 100 मिलीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम. तरुण माणसाला एखाद्या शहाळ्याने काही होत नाही. पण टेल्मिसार्टनवर असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात तीन शहाळी दिली, तर पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यापर्यंत पोचू शकतं. त्याऐवजी ओआरएसचं एक मोठं पाकीट मोजून एक लिटर पाण्यात, एकाच वेळी, अर्धं-अर्धं नाही. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर ते दोन पेले. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा पोह्यांचा नव्हे, चहाचा.

डायलिसिसचं म्हणाल, तर नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर ते ठरत नाही. औषधांनी न उतरणारं 6.5 च्या वरचं पोटॅशियम आणि ईसीजीत बदल, रक्तातलं आम्ल फार वाढणं, फुप्फुसात पाणी भरून श्वास लागणं, युरियामुळे भ्रम, झटके किंवा हृदयाच्या आवरणाला सूज, ही त्याची कारणं. रक्तपुरवठा वेळेत पूर्ववत झाला तर क्रिएटिनिन 24 ते 72 तासांत खाली वळतं आणि बहुतेकांना डायलिसिस लागत नाही. तीन दिवस नीट पाणी देऊन, बीपी सावरूनही वळलं नाही, तर नलिका मेल्या असं धरायचं. त्या पेशी पुन्हा उगवतात, पण एक ते तीन आठवडे जातात. मधल्या काळात काही वेळा डायलिसिस करावं लागतं, ते तात्पुरतं. ‘एकदा मशीन लागलं की कायमचं’ या भीतीपोटी त्याला नकार देऊन माणूस गमावू नये. बरं होताना लघवी अचानक तीन-चार लिटरवर जाते आणि तेव्हा पाणी-सोडियम-पोटॅशियम कमी पडून नवीन घोळ होतो, म्हणून ‘लघवी सुटली’ म्हणून त्याच दिवशी घरी न्यायची घाई नको.

रक्त कमी पडण्याची वाट दरवेळी जुलाबांतूनच जाते असं नाही. बाळंतपणातला मोठा रक्तस्राव किंवा घोणस चावणं यांत पुरवठा इतका तुटू शकतो, की नलिकाच नव्हे तर किडनीची बाहेरची सालच मरते, आणि ती परत येत नाही. पावसाळ्यात कोकणात दिसणाऱ्या लेप्टोमध्ये लघवी चांगली होत असताना क्रिएटिनिन चढतं आणि पोटॅशियम उलट कमी निघतं. तिथे जंतूंचा मारा आणि कमी दाब दोन्ही असतात. हृदय कमजोर असेल तर कोडं उलटं पडतं. किडनीतून रक्त वाहायला नुसता धमनीतला दाब पुरत नाही, शिरेतला दाब कमीही असावा लागतो. पायावर सूज, गळ्याची शीर फुगलेली, अशा रुग्णाच्या शिरेतला दाब चढलेला असतो आणि त्याला सलाइन दिलं तर क्रिएटिनिन आणखी वाढतं. त्याला पाणी काढल्यावर बरं वाटतं. यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटात पाणी असतं पण किडनीला वाटतं आपण दुष्काळात आहोत. तिथे अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि टर्लिप्रेसिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) लागतं. म्हणून ‘रक्तपुरवठा कमी’ एवढ्यावर थांबू नये, का कमी हे विचारावं.

एक प्रकार मात्र सावकाश, वर्षानुवर्षं चालतो: किडनीच्या मुख्य धमनीचंच अरुंद होणं. 1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून ती अर्धवट आवळली, आणि बीपी चढून राहिलं. रक्त कमी पडलेली किडनी रेनिन सोडते, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, आणि सगळ्या शरीराचं बीपी वाढवून ती आपला वाटा मिळवू पाहते. तुमच्या वडिलांच्या वयात, विशेषतः तंबाखू, मधुमेह, हृदयाच्या ब्लॉकेजचा इतिहास असेल तर कारण चरबीचा थर, आणि तो बहुधा धमनीच्या तोंडाशीच असतो. तरुण मुलीत बीपी 180 निघालं तर आपल्या देशात ताकायासू या महाधमनीच्या दाहाचा विचार आधी करावा. दोन्ही हातांचं बीपी वेगळं आणि एका मनगटाची नाडी मंद, एवढ्यावरून शंका येते. दुर्दैवाने दुसऱ्या हाताचं बीपी कुणी घेत नाही.

वडिलांच्या बाबतीत हे कधी मनात आणायचं? टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केल्यावर, जुलाब किंवा पाण्याची कमतरता नसतानाही, एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन 30 टक्क्यांहून जास्त वाढलं तर. एका किडनीची लांबी दुसरीपेक्षा दीड सेंटीमीटरने कमी असेल तर. तीन गोळ्यांवरही बीपी आटोक्यात येत नसेल तर. किंवा हृदयाचं पंपिंग चांगलं असून अचानक फुप्फुसात पाणी भरलं तर. मग किडनीच्या धमन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, करतात. जाणत्या हाताने केलेल्या डॉप्लरमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या आसपास किंवा वर गेला तर अरुंदपणा मोठा. सापडला म्हणून लगेच स्टेंट असं नाही. 2009 ची ॲस्ट्रल आणि 2014 ची कोरल या दोन मोठ्या चाचण्यांत, चरबीमुळे अरुंद झालेल्या धमनीत स्टेंट टाकून औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. वारंवार फुप्फुसात पाणी भरणारे, औषधांना न जुमानणारं बीपी किंवा झपाट्याने घसरणारी किडनी असलेले निवडक रुग्ण याला अपवाद. फार काळ उपाशी राहून 7-8 सेंटीमीटरवर आक्रसलेली किडनी धमनी उघडून सहसा उठत नाही: आतल्या केशवाहिन्या विरून गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी व्रणाची जाळी झालेली असते.

आता पुढचं वेळापत्रक. टेल्मिसार्टन पोट ठीक होऊन 24-48 तास नीट खाणं-पिणं झालं, क्रिएटिनिन जुन्या आकड्याजवळ आलं, पोटॅशियम 5 च्या आत आणि बीपी चढू लागलं, की सुरू करायचं. आधी एकटं, ‘एच’शिवाय. एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. गुडघ्यांसाठी साधं पॅरासिटामॉल, दिवसाला 2 ते 3 ग्रॅमपर्यंत, आणि वरून लावायचं मलम. तीन महिन्यांनी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर बघायचं, आत्ता सगळं नॉर्मल झालं तरीसुद्धा, कारण अशा झटक्यानंतर काहींची किडनी पुढे सावकाश घसरते. आणि औषधांच्या डब्यावर आजच एक चिठ्ठी चिकटवा: ‘जुलाब, उलट्या किंवा जास्त ताप असेल आणि खाणंपिणं तुटलं असेल, तर टेल्मिसार्टन (‘एच’ असो वा नसो) थांबवून डॉक्टरांना फोन.’ खाली डॉक्टरांचा नंबर.